गरोदरपणात मनःस्थिती कशी मोजावी: प्रश्नावली निवडण्यापासून पुढच्या भेटीपर्यंत

प्रसूतिपूर्व तपासणीच्या कार्डावर वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि बाळाच्या हृदयाचे ठोके यांच्यासाठी रकाने असतात. मनासाठी बहुतेक वेळा रकाना नसतो. त्याऐवजी बाई उठता उठता तिला विचारले जाते, "बाकी सगळं ठीक ना?" या प्रश्नाला "हो" याखेरीज दुसरे उत्तर देणे कठीण असते, कारण विचारणाऱ्याचा हात तोवर पुढच्या कार्डाकडे गेलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरातील सुमारे १० टक्के गरोदर स्त्रियांना मानसिक आजाराचा, मुख्यतः नैराश्याचा, त्रास होतो. विकसनशील देशांत हे प्रमाण गरोदरपणात १५.६ टक्के आणि प्रसूतीनंतर १९.८ टक्के इतके सांगितले जाते. यांतल्या बऱ्याच जणींनी "हो, सगळं ठीक" असे उत्तर दिलेले असणार.

हा लेख गरोदर स्त्रियांच्या नियमित संपर्कात असणाऱ्या परिचारिका, डॉक्टर, समुपदेशक आणि आरोग्यसेविका यांच्यासाठी आहे. घरच्या माणसांनाही तो वाचता येईल, पण गुण काढून निष्कर्ष सांगण्याचे काम मात्र प्रशिक्षित व्यक्तीनेच करावे. माझे म्हणणे आधीच सांगतो: कागदावरचा आकडा कोणत्या परिस्थितीत विचारून मिळाला आणि त्यानंतर काय करायची तयारी होती, यावरच त्याची किंमत ठरते. म्हणून पुढील पायऱ्यांत गुणांच्या बेरजेपेक्षा विचारण्याला आणि त्यानंतरच्या कामाला मी अधिक जागा दिली आहे.

पहिली पायरी: कागद छापण्याआधी पुढची वाट ठरवा

प्रश्नावली हातात देण्यापूर्वी तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात. गुण जास्त आले तर त्या स्त्रीशी त्याच दिवशी सविस्तर कोण बोलणार? निदान आणि उपचार यांसाठी तिला कोणाकडे पाठवायचे, आणि तिथे साधारण किती दिवसांत भेट मिळते? तिने स्वतःला इजा करण्याचा विचार बोलून दाखवला, तर तासाभराच्या आत कोणाला बोलवायचे? या तीन प्रश्नांना नावानिशी आणि फोन नंबरासह उत्तरे नसतील, तर मोजणी सुरू करू नये. मन उघडे करायला लावून नंतर "बघू" म्हणून परत पाठवलेली बाई पुन्हा बोलत नाही, आणि तिचा दोष नसतो.

मानसोपचारतज्ज्ञ जवळ नाहीत म्हणून ही वाट बंद आहे, असेही समजू नये. २००८ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पाकिस्तानच्या ग्रामीण भागातील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत नैराश्य असलेल्या स्त्रियांना स्थानिक आरोग्यसेविकांनी, प्रशिक्षण घेऊन, घरी जाऊन बोधनात्मक वर्तन उपचारावर (विचार आणि वागणे बदलायला शिकवणाऱ्या संवाद-उपचारावर) आधारलेली मदत दिली. बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा या गटातील २३ टक्के स्त्रियांना नैराश्य होते, तर तुलनेच्या गटात ५३ टक्के स्त्रियांना. हाच कार्यक्रम पुढे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मार्गदर्शिकेच्या रूपात सर्वांसाठी खुला केला.

दुसरी पायरी: नेमके काय मोजायचे आहे ते ठरवा

'भावनिक स्वास्थ्य' या एका शब्दात निदान तीन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली नैराश्य, म्हणजे उदासी, कशातच मन न रमणे, स्वतःला दोष देणे. दुसरी चिंता, तिच्यातही सर्वसाधारण चिंता वेगळी आणि गरोदरपणाशी बांधलेली चिंता वेगळी. बाळ धडधाकट असेल का, कळा सोसवतील का, आपले शरीर पूर्ववत होईल का, ही काळजी दिवसभर पोखरणारी स्त्री इतर सर्व बाबतींत शांत असू शकते, आणि मग नेहमीच्या चिंतेच्या प्रश्नावलीत तिचे गुण कमी येतात. तिसरी गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष स्वास्थ्य: प्रसन्न वाटणे, दिवसात हवेहवेसे काही असणे. आजार नाही म्हणजे स्वास्थ्य आहे, असे गणित इथे चालत नाही. नैराश्याच्या मोजपट्टीवर ४ गुण मिळवलेली स्त्री आनंदात असेलच असे नाही. ती केवळ थकलेली आणि एकटी असेल.

तिसरी पायरी: साधन निवडा

वेळ अगदी कमी असेल तर दोन प्रश्नांपासून सुरुवात करता येते. १९९७ मध्ये मांडलेल्या व्हूली प्रश्नांत गेल्या महिन्याभरात उदास किंवा हताश वाटण्याचा, तसेच कामांत रस वा आनंद न वाटण्याचा त्रास वारंवार झाला का, एवढेच विचारतात. दोहोंपैकी एकाचेही उत्तर 'हो' आले, तर पुढची सविस्तर प्रश्नावली द्यायची. ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी पहिल्या भेटीतच हे दोन प्रश्न आणि चिंतेसाठीचे जीएडी-२ चे दोन प्रश्न विचारण्याचा विचार करावा, असे सांगितले आहे. जीएडी-२ मध्ये ३ किंवा अधिक गुण आले की पुढे चौकशी करतात.

सविस्तर मोजणीसाठी सर्वाधिक वापरले जाणारे साधन म्हणजे एडिंबरा प्रसूतीपश्चात नैराश्य मोजपट्टी, थोडक्यात ईपीडीएस. कॉक्स, होल्डन आणि सागोव्स्की यांनी ती १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. नावात 'प्रसूतीपश्चात' असले तरी १९९० मध्येच तिचा गरोदर स्त्रियांवर अभ्यास झाला आणि आज ती दोन्ही काळांत वापरतात. तिच्यात १० प्रश्न आहेत, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ० ते ३०, आणि सर्व प्रश्न गेल्या ७ दिवसांविषयी आहेत.

तिचा मोठा गुण असा की शरीराच्या तक्रारी तिने मुद्दाम बाजूला ठेवल्या आहेत. पीएचक्यू-९ या नैराश्यासाठीच्या २००१ च्या प्रश्नावलीशी तुलना केली की हे लगेच लक्षात येते. पीएचक्यू-९ मध्ये ९ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांचा काळ आणि ० ते २७ गुण असतात; ५, १०, १५ आणि २० हे तीव्रतेचे टप्पे मानतात. पण त्यातले झोप, थकवा आणि भूक यांविषयीचे तीन प्रश्न गरोदर स्त्रीच्या बाबतीत फसवे ठरतात. तिसऱ्या महिन्यात उलट्यांनी हैराण झालेली किंवा आठव्या महिन्यात कूस बदलताना दर वेळी जागी होणारी स्त्री, मन पूर्ण ताळ्यावर असूनही, या तीन प्रश्नांवर ९ पैकी ६ गुण सहज मिळवते. ईपीडीएसमध्येही झोपेचा प्रश्न आहे, पण तो 'मन इतके खिन्न होते की झोप लागली नाही' असा आहे. विचारताना हा फरक जपला नाही, तर साधनाचा फायदाच निघून जातो. म्हणून शक्य तिथे मी ईपीडीएसला पसंती देतो. इतर विभागांत पीएचक्यू-९ आधीपासून रुळलेली असेल तर तीच ठेवावी, मात्र ते तीन प्रश्न वेगळे वाचावेत.

गरोदरपणाशी बांधलेल्या चिंतेसाठी पीआरएक्यू-आर२ ही १० प्रश्नांची प्रश्नावली आहे. बाळंतपणाच्या भीतीसाठी ३३ प्रश्नांची विजमा प्रश्नावली आहे, पण ती संशोधनात शोभते. गर्दीच्या ओपीडीत ती कोणी पूर्ण भरत नाही. स्वास्थ्यासाठी डब्ल्यूएचओ-५ उत्तम. तिच्यात फक्त ५ विधाने असतात आणि सगळी सकारात्मक: मन प्रसन्न होते, शांत वाटले, उत्साह होता, झोपून उठल्यावर ताजेतवाने वाटले, दिवसात रस वाटेल अशा गोष्टी होत्या. प्रत्येकाला ० ते ५ गुण, बेरजेला ४ ने गुणले की ० ते १०० चा आकडा मिळतो. ५० किंवा त्याखाली आल्यास स्वास्थ्य खालावलेले समजून पुढे विचारावे. झोपेच्या विधानाबाबत वर दिलेला इशारा इथेही लागू आहे. ज्या स्त्रीला 'नैराश्य' हा शब्दच टोचतो, तिच्याशी बोलणे सुरू करायला ही पाच विधाने फार उपयोगी पडतात.

चौथी पायरी: भाषा तपासा

वापरणार त्या भाषेतील प्रश्नावली अधिकृतपणे भाषांतरित आणि तपासलेली आहे का, हे पाहणे आवश्यक आहे. ऐन वेळी तोंडी भाषांतर करत विचारलेल्या प्रश्नांच्या गुणांना अर्थ उरत नाही, कारण कालचा प्रश्न आणि आजचा प्रश्न एकच राहत नाही.

याचे एक उदाहरण जवळून पाहू. ईपीडीएसच्या सहाव्या प्रश्नातील मूळ इंग्रजी वाक्प्रचाराचा शब्दशः अर्थ 'गोष्टी माझ्या डोक्यावर चढत आहेत' असा होतो. मराठीत तो तसाच नेला तर ऐकणारी बाई गोंधळते. 'सगळं अंगावर आल्यासारखं वाटतं' म्हटले की ती मान हलवते. चौथ्या प्रश्नातील 'काही कारण नसताना काळजी' या शब्दांतही एक अडचण लपलेली आहे. जिला कर्जाची किंवा आधीच्या गर्भपाताची खरी काळजी आहे, ती म्हणते, "कारण नाही कसं, कारण आहे ना," आणि शून्य गुणांच्या पर्यायावर खूण करते. अशा वेळी खूण तिचीच राहू द्यावी, पण शेजारी तिचे वाक्य लिहून ठेवावे. जीव घाबरा होणे, छातीत धडधडणे, डोके जड वाटणे, मन न लागणे या शब्दांत अनेक जणी आपले दुःख सांगतात. प्रश्नावलीत हे शब्द नसले, तरी नोंदीत ते तिच्याच शब्दांत यायला हवेत.

भाषांतर नव्याने करायचेच असेल, तर दोन व्यक्तींनी स्वतंत्र भाषांतर करावे, तिसऱ्याने ते मूळ भाषेत परत न्यावे, आणि मग काही गरोदर स्त्रियांना प्रत्येक प्रश्न वाचून दाखवून "तुम्हाला यात काय विचारलंय असं वाटतं?" असे विचारावे. शेवटचा टप्पा वेळेअभावी गाळला जातो, आणि सर्वाधिक चुका तिथेच सापडतात.

पाचवी पायरी: विचारणे

ती एकटी असली पाहिजे. या अटीवर तडजोड नको. सोबत आलेली व्यक्ती कितीही प्रेमळ असली, तरी उत्तर देण्याआधी स्त्रीची नजर एकदा तिच्याकडे जाते आणि उत्तर बदलते. शिवाय घरातील मारहाणीची चौकशी दुसऱ्या कोणासमोर करणे तिच्यासाठी धोक्याचे ठरू शकते. "या तपासणीचा हा भाग आम्ही सगळ्यांचाच एकट्याने घेतो, तुम्ही पाच मिनिटं बाहेर बसा," असे वजन करण्याइतक्या सहजपणे सांगितले, की सहसा कोणी हरकत घेत नाही.

सुरुवातीचे बोलणे ठरवून ठेवावे. उदाहरणार्थ: "ताई, दिवस राहिल्यावर शरीराबरोबर मनातही बरेच बदल होतात, म्हणून आम्ही प्रत्येकीलाच हे दहा प्रश्न विचारतो. यात चूक-बरोबर असं काही नाही. आज कसं वाटतंय एवढंच बघू नका, गेले सात दिवस आठवा. तुमची उत्तरं तपासणाऱ्या लोकांपुरतीच राहतील. फक्त तुमच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मदतीसाठी दुसऱ्या कोणाला सांगावं लागेल." शेवटचे वाक्य गाळण्याचा मोह होतो, पण गुप्ततेची मर्यादा आधी सांगणे हाच प्रामाणिकपणा आहे.

वाचता येणाऱ्या स्त्रीला कागद स्वतः भरू द्यावा. वाचून दाखवायचे असल्यास चारही पर्याय एकाच सुरात वाचावेत, "असं कधी नाही ना वाटत?" अशी पुस्ती जोडू नये. ती थांबली तर थांबू द्यावे. या प्रश्नांना लागणारी पाच मिनिटे बहुधा एकदोन प्रश्नांवरच खर्च होतात, आणि ते प्रश्न कोणते, हे लक्षात ठेवण्यासारखे असते.

सहावी पायरी: गुण काढणे

ईपीडीएसमधील १, २ आणि ४ या प्रश्नांचे पर्याय वरून खाली ०, १, २, ३ असे मोजतात. उरलेल्या सात प्रश्नांचे ३, २, १, ० असे उलटे. घाईत हा फरक विसरला जातो. म्हणून गुणांची पट्टी वेगळी छापून कागदाशेजारी ठेवावी आणि बेरीज दोनदा करावी.

आता समजा, दोन जणींची बेरीज ११ आली. पहिलीचे गुण क्रमाने १, १, २, २, २, १, १, १, ०, ० असे आहेत. दुसरीचे २, २, ०, ०, ०, १, २, २, १, १ असे आहेत. रजिस्टरमध्ये दोघींसमोर ११ हाच आकडा लिहिला जाईल, पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रश्न ३, ४ आणि ५ मिळून चिंतेची उपपट्टी बनते. पहिलीला तिथे ९ पैकी ६ गुण आहेत, म्हणजे तिचा त्रास प्रामुख्याने चिंतेचा असावा. दुसरीला तिथे शून्य आहे, पण पहिल्या दोन प्रश्नांतील हसणे आणि पुढच्या दिवसांची ओढ ही दोन्ही आटली आहेत, सातव्यातील झोप उडाली आहे, आणि स्वतःला इजा करण्याविषयीच्या दहाव्या प्रश्नावर १ गुण आहे. पहिलीला धीर, माहिती आणि दोन आठवड्यांनी भेट पुरेशी ठरू शकते. दुसरीला खोलीबाहेर जाऊ देण्याआधी आणखी बोलायचे आहे. म्हणून नोंदीत तीन आकडे लिहावेत: एकूण गुण, ३-४-५ ची बेरीज, आणि दहाव्याचे गुण.

सातवी पायरी: दहावा प्रश्न

दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराविषयी आहे. तिथे शून्याखेरीज कोणतेही उत्तर आले, तर एकूण बेरीज ५ असली तरी त्याच भेटीत पुढे विचारायचे. असे विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. उलट अनेक जणींना कोणीतरी विचारले याचाच आधार वाटतो. प्रश्न सरळ असावेत. हा विचार किती वेळा येतो? काय करायचे, हे मनात ठरवले आहे का? त्यासाठीची वस्तू हाताशी आहे का? यापूर्वी कधी प्रयत्न केला होता का? आतापर्यंत कशाने थांबवले? बाळाला इजा करण्याचे विचार येतात का, हेही याच वेळी हळुवारपणे विचारावे.

बेत ठरलेला असेल, साधन हाताशी असेल किंवा पूर्वी प्रयत्न झालेला असेल, तर तिला एकटी सोडू नये. पहिल्या पायरीत लिहून ठेवलेल्या व्यक्तीला तिच्यासमोरच फोन करावा. तिच्या संमतीने विश्वासाच्या माणसाला बोलवावे आणि औषधे, कीटकनाशके, धारदार वस्तू तिच्यापासून दूर ठेवण्याविषयी त्याच्याशी स्पष्ट बोलावे. विचार पुसट असला आणि बेत नसला, तरी तज्ज्ञाची भेट ठरवल्याशिवाय आणि संकटात फोन करण्याचा क्रमांक तिच्या हाती दिल्याशिवाय ती भेट संपत नाही.

आठवी पायरी: आकड्याचा अर्थ लावणे

सर्वसाधारणपणे १० ते १२ गुणांना 'लक्ष ठेवा' आणि १३ किंवा अधिक गुणांना 'सविस्तर तपासा' असा अर्थ देतात. २०२० साली 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यास एकत्र करणाऱ्या मोठ्या विश्लेषणात ११ किंवा अधिक हा कट-ऑफ (पुढे तपासायची सीमा) एकंदर सर्वांत समतोल आढळला. तिथे तीव्र नैराश्य असलेल्यांपैकी सुमारे ८१ टक्के स्त्रिया पकडल्या जात होत्या आणि नसलेल्यांपैकी सुमारे ८८ टक्के बरोबर वगळल्या जात होत्या.

हे आकडे चांगले वाटतात, पण ते आपल्या दारात आणून पाहू. समजा, १०० गरोदर स्त्रियांपैकी १० जणींना खरोखर तीव्र नैराश्य आहे. त्यांतल्या ८ जणी ११ किंवा अधिक गुणांवर येतील, २ निसटतील. उरलेल्या ९० पैकी सुमारे ११ जणीही वर येतील, कारण १२ टक्के चुकीने पकडल्या जातात. म्हणजे वर आलेल्या १९ पैकी ८ जणींनाच तो आजार आहे. म्हणूनच "तुम्हाला डिप्रेशन आहे" हे वाक्य या कागदाच्या आधारे कधीही उच्चारू नये. "तुमचे गेले काही दिवस जड गेलेत असं या उत्तरांवरून दिसतंय, त्याबद्दल आणखी बोलूया का?" एवढेच म्हणावे. दुसरीकडे, त्या निसटलेल्या २ जणींसाठी आपली नजर जागी ठेवावी: गुण ६ आहेत, पण बाई डोळे वर करत नाही आणि तपासण्या चुकवते आहे, तर आकड्यापेक्षा आपल्या निरीक्षणावर विश्वास ठेवावा.

निदानासाठी प्रत्यक्ष मुलाखतच लागते. त्याआधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी पाहून घ्यावी, कारण पंडुरोग आणि मंदावलेली थायरॉइड ग्रंथी दोन्ही थकवा आणि उदासी आणतात. पूर्वी कधी झोपेची गरजच न वाटता कित्येक दिवस अतिउत्साह, अतिखर्च किंवा अतिबडबड झाली होती का, हे विचारणे फार महत्त्वाचे आहे. बायपोलर आजार (अतिउत्साह आणि नैराश्य आलटून पालटून येणारा) असेल तर केवळ नैराश्यावरची औषधे प्रकृती बिघडवू शकतात, आणि अशा स्त्रीला प्रसूतीनंतरच्या तीव्र मनोविकाराचा धोका बराच जास्त असतो. आधीपासून मानसिक आजाराची औषधे चालू असतील, तर गरोदर आहे म्हणून ती एकदम बंद करू नयेत. ज्यांनी लिहून दिली त्यांच्याशी त्वरित बोलावे.

नववी पायरी: पुन्हा मोजणे

एका दिवसाचा आकडा म्हणजे एका आठवड्याचे छायाचित्र. १० ते १२ गुण आल्यास दोन आठवड्यांनी पुन्हा प्रश्नावली द्यावी. सर्वांसाठी किमान वेळापत्रक असे ठेवता येते: पहिल्या भेटीत, २८ आठवड्यांच्या सुमारास, आणि प्रसूतीनंतर साधारण सहाव्या आठवड्यात. पूर्वी नैराश्य आलेल्या, आधीचे मूल गमावलेल्या, घरात हिंसा सोसणाऱ्या किंवा कोणाचाच आधार नसलेल्या स्त्रियांना प्रत्येक तिमाहीत विचारावे.

दोन आकड्यांची तुलना करताना एकदोन गुणांच्या चढउताराला महत्त्व देऊ नये. ईपीडीएसमध्ये साधारण ४ गुणांचा फरक पडला, की खरा बदल झाला असे मानतात. तुलना करताना साधन तेच, भाषा तीच आणि भरण्याची पद्धतही तीच असावी. एकदा स्वतः भरलेला आणि एकदा वाचून दाखवलेला कागद शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नये.

नोंद तपासणीच्या कार्डावर उघड्यावर लिहू नये, कारण ते कार्ड घरात सगळे पाहतात. तारीख, आठवडे, तीन आकडे, तिचे एखादे वाक्य आणि पुढची ठरलेली कृती हे सर्व रुग्णालयातील नोंदीत ठेवावे. प्रसूतीसाठी ती दुसरीकडे जाणार असेल, तर तिची परवानगी घेऊन तिथल्या एका व्यक्तीपर्यंत ही माहिती तोंडी पोहोचवावी, आणि सहाव्या आठवड्याच्या भेटीची तारीख तिच्या हाती देताना "त्या दिवशी आपण हे दहा प्रश्न पुन्हा बोलू" असे सांगून ठेवावे.